उपासाचा केक

केक करणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही, असं रंगनाथराव चिंचमलातपुरे यांचं प्रामाणिक मत होतं. असायला हरकत नव्हती. पण ते मत त्यांनी रविवारी दुपारी, सगळं घर जेवायला बसलेलं असताना, मोठ्यानं बोलून दाखवलं आणि इथेच घोटाळा झाला. माणसानं हवी तेवढी मतं बाळगावीत. बोलून दाखवायचीच असली तर पेपरवाल्याला दाखवावीत, सोसायटीच्या सभेत दाखवावीत. सहा वर्षांच्या होत आलेल्या नातीसमोर दाखवू नयेत. सभेतलं कुणाच्या लक्षात राहत नाही, नातीच्या राहतं.

"म्हणजे तुम्ही करणार?" अक्षतानं विचारलं.

"करणार म्हणजे काय, करणारच!"

"मला खाता येईल असा?"

यावर रंगनाथरावांचा मुलगा शुभंकर आमटीकडे बघू लागला, सून भाग्यश्री शुभंकरकडे बघू लागली आणि पत्नी सुहासिनीबाई रंगनाथरावांकडे बघू लागल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात या शेवटच्या बघण्याचा अर्थ रंगनाथरावांना चांगला ठाऊक होता. पण तोंडातून शब्द गेला होता.

झालं होतं असं की वाढदिवसाचा विषय निघाला, तेव्हा अक्षतानं अगदी शांतपणे सांगितलं होतं, या वर्षी माझा वाढदिवस करूच नका. "मेणबत्ती मी विझवायची आणि केक साईनं खायचा. त्यापेक्षा साईचाच वाढदिवस करा ना!" साई हा खालच्या मजल्यावरचा तिचा मित्र. तिनं हे रडून सांगितलं असतं तर रंगनाथरावांनी तिला बागेत नेऊन झोपाळ्यावर बसवलं असतं आणि विषय मिटला असता. तिनं ते हिशेबी सुरात सांगितलं, म्हणून ते काळजात घुसलं.

कारण खरंच होतं ते. अक्षताला गहू चालत नाही, तांदूळ चालत नाही, दूध, अंडं आणि शेंगदाणे चालत नाहीत. अक्षता हे नाव आजोबांनीच हौसेनं ठेवलेलं. बारशाच्या दिवशी कुणाला माहीत होतं की या मुलीला नेमके तांदूळच सोसणार नाहीत? तीन वर्षांची असताना कुणाच्या तरी लग्नात तिनं बोटभर दाण्याची चटणी चाटली आणि ओठ सुजले, श्वास लागला, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. तेव्हापासून स्वयंपाकघरात तिचा एक वेगळा कप्पा होता. तिची कढई, तिचा कुकर, तिचे चमचे. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला ती स्वतःचा डबा घेऊन जायची, आणि स्वतःच्या वाढदिवसालाही.

"पाच आठवडे आहेत," रंगनाथराव म्हणाले. "माणूस तेवढ्या वेळात धरण बांधतो."

"कुठलं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

रंगनाथराव मूळचे अमरावतीचे. भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची वीस पुण्यात. कर्वेनगरातल्या या सोसायटीत येऊन त्यांची भाषा पार पुणेरी झाली होती. राग मात्र अमरावतीचाच राहिला होता. संतापले की त्यांच्या 'का'चं 'काहून' व्हायचं. तर अशा माणसानं कामाला हात घालताना पहिली गोष्ट काय केली असेल? फाइल उघडली. पुठ्ठ्याची, नाडीवाली. वर लिहिलं, 'विषय : केक'.

शुभंकर आणि भाग्यश्री दोघंही हिंजवडीला. सकाळी साडेसातला कंपनीची बस धरायची ती रात्री जेवायलाच परत. त्यामुळे शुभंकरनं आपला वाटा कंपनीच्या प्रिंटरवरून उचलला. अमेरिकेतल्या कुणा बाईची पाककृती छापून आणली, अकरा पानी. त्यात बदामाचं पीठ, बटाट्याचं स्टार्च वगैरे मंडळी होती आणि सगळ्यात महत्त्वाचा झँथन गम होता. तो नसेल तर केकचा भुगा होतो, असं त्या बाईनं तीन वेळा बजावलं होतं.

रंगनाथराव पिशवी घेऊन नेहमीच्या किराणा दुकानात गेले.

"गम आहे?"

"समोर स्टेशनरीत."

"तो नव्हे. खायचा."

"म्हणजे डिंक. बाळंतिणीसाठी हवाय का?"

"केकसाठी हवाय."

दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला, रंगनाथरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "केकला डिंक लावून कशाला चिकटवायचाय, काका?" मागं उभी असलेली चार माणसं हसली. चौतीस वर्षं ज्या माणसाच्या सहीशिवाय मोजणीचा नकाशा हलला नाही, त्याच्यावर ही वेळ यावी! त्यांनी पाव किलो जवस घेतले आणि मान ताठ ठेवून बाहेर पडले. जवस तरी का घेतले? तर अमरावतीला जवसाची चटणी करताना आई म्हणायची, पाणी लागू देऊ नका, चिकट होते. रस्त्यात उभ्या उभ्या त्यांना ते आठवलं. अमेरिकेतल्या बाईला अकरा पानं लागली ती गोष्ट आईनं एका वाक्यात सांगितली होती, आणि या विचारानं त्यांची दुखावलेली मान पुन्हा थोडी सरळ झाली.

शेजारच्या सुशीलाबाईंना बातमी लागायला एक दिवस लागला. त्या सल्ला द्यायला आल्या. वास्तविक अक्षताच्या ॲलर्जीबद्दल त्यांना सगळं तीन वर्षांपूर्वीच सांगून झालेलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ॲलर्जीबिलर्जी सगळी आजकालची थेरं. आमच्या वेळी मुलं माती खायची." आताही त्यांचं तेच म्हणणं होतं. रोज चिमूट चिमूट पोळी भरवावी, अंगाला सवय होते. बाई मनानं सोन्यासारखी. कुणाच्याही आजारपणात डबा घेऊन पहिली हजर. पण त्यांना एखादी गोष्ट पटवून देणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं, आणि रंगनाथरावांनी ते तीन वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

पहिला प्रश्न पिठाचा. रंगनाथराव ज्वारी घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत गेले. गिरणीवाला गेनबा मुळशीकडचा, पण गिरणी इथे पंचवीस वर्षं.

"गेनबा, गव्हाचा एक कणही लागता कामा नये हं. नातीला ॲलर्जी आहे."

"काय न्हाय हुत, काका. एवढंसं पीठ लागलं म्हून काय मरतंय व्हय कोणी?" असं म्हणून त्यानं ज्वारी सरळ गव्हाच्या चक्कीत ओतली.

त्या पिठाचं धिरडं खाऊन अक्षताच्या दोन्ही हातांवर गांधी उठल्या. औषध द्यावं लागलं, शाळा बुडली. रंगनाथराव भांडायला गिरणीत गेले, तेव्हा त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या तिसऱ्या चक्कीकडे गेलं. स्वच्छ धुतलेलं गोणपाट वर झाकलेलं, उदबत्ती लावलेली.

"आणि ही काहून नाही वापरत?"

"ती?" गेनबानं आवाज खाली आणला. "ती उपासाची हाय, काका. तिच्यावर धान्याचा कण पडला तर लोकांचा उपास मोडंल. पाप लागंल मला!"

रंगनाथराव तसेच उभे राहिले. ज्या माणसाला पोरीच्या जिवाची भीती दोनदा सांगून कळली नाही, तो माणूस साबुदाण्याच्या पावित्र्यासाठी स्वतंत्र चक्की राखून होता. त्यांना राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ एक कल्पना आली. उपासाला गहू चालत नाही, तांदूळ चालत नाही. म्हणजे घराघरांतल्या आज्या वर्षानुवर्षं जे करत आल्या, तेच तर त्यांना हवं होतं! जन्मभर ते सुहासिनीबाईंच्या चतुर्थीची टिंगल करत आले होते. आता त्यांनी घरी जाऊन उपासाला काय काय चालतं याची यादी करायला बायकोसमोर कागद-पेन घेऊन बसकण मारली. सुहासिनीबाईंनी या क्षणाची पस्तीस वर्षं वाट पाहिली असावी, कारण त्यांनी एकेक पदार्थ फार सावकाश सांगितला.

राजगिरा, शिंगाडा, भगर. भगर आणायला शुभंकरला सांगितलं. त्यानं आणलेल्या पुडीवर छापलेलं होतं 'वऱ्याचे तांदूळ'. भाग्यश्रीनं ते वाचलं मात्र, पुडी उचलून थेट गॅलरीत नेऊन ठेवली.

"बाबा, यात तांदूळ आहेत!"

"अगं, ही भगर आहे."

"इथे स्पष्ट तांदूळ लिहिलंय."

"तुम्हा पुण्याच्या लोकांनी भगरीला तांदूळ म्हणायचं काहून ठरवलं ते तुम्हीच सांगा!"

काहून ऐकू आल्यावर सुहासिनीबाईंनी मध्ये पडून डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. डॉक्टरही इथलेच, शब्द जपून वापरणारे. म्हणाले, "नावात तांदूळ आहे, दाण्यात नाही. ठेवतो." भाग्यश्रीनं पुडी गॅलरीतून आत आणली, पण दोन बोटांनी धरून.

"माझ्यापण नावात तांदूळ आहे," अक्षता म्हणाली. "मला कुठे टाकलंत गॅलरीत?"

दुसऱ्या दिवशी रंगनाथराव भगर, राजगिरा आणि शिंगाडे घेऊन गिरणीत हजर झाले. गेनबानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "उपास का?"

आता हा साधा प्रश्न होता. नाही म्हणावं, तर पुढं पुन्हा ॲलर्जी आणि पुन्हा काय न्हाय हुत. रंगनाथराव म्हणाले, "हो."

काय सांगावं! गेनबानं हात धुतले. गोणपाट काढलं. ब्रशनं चक्की झाडली, ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्या फडक्यानं पुसली, पहिली मूठभर भगर दळून ती चिमण्यांना टाकली आणि मग कुठं खरं दळण घातलं. रंगनाथरावांना भरून आलं. एका शब्दात केवढी ताकद! त्या दिवसापासून ते सगळीकडे तोच शब्द वापरू लागले. वाण्याकडे उपास, फळवाल्याकडे उपास, शाळेतल्या बाईंना डब्याबद्दल चिठ्ठी लिहिली त्यातही उपास. जिथे ॲलर्जी म्हटल्यावर लोक हसायचे, तिथे उपास म्हटल्यावर चमचे विसळू लागले. अक्षता बिनधोक झाली आणि रंगनाथराव स्वतःवर बेहद्द खूश झाले.

केक मात्र होईना. शुभंकरनं दिवाळीच्या बोनसमधून एक छोटा ओव्हन आणून दिला. प्रयोग क्रमांक एक बाहेर आला तो फरशीवर पडला आणि फरशीला टवका गेला. क्रमांक चार वरून जळाला आणि आतून वाहिला. क्रमांक सात दिसायला ठीक होता, पण त्याला कुणी हात लावण्याआधीच तो आपण होऊन खचला. प्रत्येकाची फाइलमध्ये नोंद झाली, अभिप्रायासह. 'क्र. ९ : लगदा. सौ. यांचे मत, कावळाही शिवणार नाही. सहमत.' केळी घालून पाहिली, गूळ वितळवून घातला, सोड्यावर लिंबू पिळून पाहिलं. जवस कुटून पाण्यात भिजवल्यावर अमेरिकन बाईच्या नाकावर टिच्चून भुगा व्हायचा थांबला, पण केक फुगायचं नाव घेईना.

त्यात ओव्हन लावला आणि त्याच वेळी कुणी गिझर लावला की सगळ्या विंगची वीज जायची. तिसऱ्यांदा गेली तेव्हा जिन्यातल्या फळ्यावर सेक्रेटरींची सूचना लागली. 'सदनिका क्र. बी-७ येथे चालणारी भट्टी घरगुती आहे की व्यावसायिक, याचा खुलासा तीन प्रतींत करावा. जळका वास हा सामाईक जागेत येतो, याची नोंद घ्यावी.' रंगनाथरावांना हे आवडलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं होतं. त्यांनी सहा पानी खुलासा दिला, सोबत नकाशा जोडला. सेक्रेटरींनी पोच दिली, आणि खाली मीटरच्या खोलीला कुलूप घालून किल्ली आपल्याकडे ठेवली.

इकडे गेनबाला एक गोष्ट बुचकळ्यात पाडत होती. हे काका दर दोन-तीन दिवसांनी उपासाचं दळण आणतात. शेवटी त्यानं विचारलंच, "काका, घरात उपास कुणाचा म्हनायचा?"

"नातीचा," रंगनाथराव घाईत म्हणाले.

"आन् किती दिस?"

"रोज."

गेनबानं चक्की थांबवली आणि दोन्ही हात जोडले. "एवढीशी पोर!" एवढंच तो म्हणाला. पण गिरणीत त्या वेळी भजनी मंडळातल्या दोघी दळणाला आल्या होत्या.

चार दिवसांत सोसायटीभर झालं, चिंचमलातपुऱ्यांची सहा वर्षांची नात रोज कडकडीत उपास करते. ॲलर्जी ज्यांना तीन वर्षांत समजली नव्हती, त्यांना हे एका दुपारी समजलं. सुशीलाबाई केळ्यांची फणी घेऊन आल्या, डोळे पुसले आणि अक्षताच्या पाया पडल्या.

"आजी माझ्या पाया का पडल्या?" त्या गेल्यावर तिनं विचारलं.

"चपला शोधत असतील," रंगनाथराव म्हणाले.

मग समोरच्या इमारतीतल्या द्वारकाबाई आल्या. त्यांच्या मुलाचं अमेरिकेच्या व्हिसाचं अडलं होतं. त्यांनी अक्षताला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, आमच्या दादाला व्हिसा मिळेल का गं?" अक्षतानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "नाही." का, तर त्या दादानं तिचं बॅडमिंटनचं फूल छपरावर उडवलं होतं आणि काढून दिलं नव्हतं. दहा दिवसांनी त्याचा व्हिसा खरंच नाकारला गेला, आणि मग विचारू नका. संध्याकाळी दारात चपलांची रांग लागू लागली.

"सांगून टाका सगळ्यांना खरं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "माझा उपास निदान खरा असतो."

"वाढदिवस झाला की सांगतो. आत्ता कुणी हसायला लागलं तर गेनबा पुन्हा गव्हात दळेल."

यात तथ्य होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं असं की त्यांना सांगायची लाज वाटत होती. गल्लीतून जाताना लोक त्यांना नमस्कार करत होते, आणि निवृत्तीनंतर तो प्रकार तसा कमीच झाला होता.

वाढदिवस शनिवारी होता. संध्याकाळी पाचला सोसायटीतली अकरा मुलं येणार होती. भजनी मंडळानं हे उपासाचं उद्यापन आहे असं परस्पर ठरवून टाकल्यामुळे त्या पाचजणीही, सुशीलाबाई आणि द्वारकाबाई धरून, येणार होत्या. आदल्या दिवशी प्रयोग क्रमांक अठरा थोडासा, अगदी पेराएवढा, फुगला होता. रंगनाथरावांनी तेच प्रमाण धरलं. तीन वाजता मिश्रण कालवून भांड्यात तयार झालं, ओव्हन तापत ठेवला, आणि कुणीतरी गिझर लावला. वीज गेली.

रंगनाथराव धावत खाली. मीटरच्या खोलीला कुलूप. सेक्रेटरींच्या घरी गेले, तर ते म्हणाले, किल्ली देतो, पण रजिस्टरमध्ये कारण लिहा. रंगनाथरावांनी 'वाढदिवस' लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, हे तांत्रिक कारण नाही. त्यावर दोन अनुभवी माणसांत वीस मिनिटं चर्चा झाली. सुहासिनीबाई आतल्या खोलीत अक्षताची वेणी घालत होत्या. शुभंकर आणि भाग्यश्री फुगे आणायला गेले होते. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

वीज सुरू करून रंगनाथराव परत आले तेव्हा मिश्रण होतं तिथेच होतं. त्यांनी ते डब्यात ओतलं, ओव्हनमध्ये सरकवलं आणि स्टुलावर बसून काचेतून बघत राहिले. आणि काय आश्चर्य! केक फुगू लागला. कडेनं वर आला, मग मधून वर आला, वर छान भेग पडली, रंग बदामी झाला. अठरा प्रयोगांत जे झालं नाही ते डोळ्यांदेखत होत होतं. रंगनाथरावांनी आनंदानं बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली.

पाच वाजता हॉलमध्ये मुलं आणि भजनी मंडळ दाटीवाटीनं उभं असताना त्यांनी केक बाहेर आणला. भाग्यश्रीनं आ वासला. शुभंकरनं कॅमेरा काढला. अक्षता टेबलाजवळ आली, पायाच्या बोटांवर उभी राहिली आणि केकवर वाकली. आणि एकदम दोन पावलं मागं सरकली.

"आजोबा, दाण्यांचा वास येतोय."

"कसले दाणे? वेडी आहेस का?"

"येणारच वास!" सुशीलाबाई मागून कौतुकानं म्हणाल्या. "मघाशी आले तर भांड्यात नुसतंच बोडकं पीठ! म्हटलं, पोरीचं उद्यापन आणि असं कोरडं? घरून आणून चांगला दोन मुठी कूट घातलाय मी."

भाग्यश्रीनं अक्षताला उचललं आणि गॅलरीत नेलं. रंगनाथरावांच्या दवाखान्यातले ते दोन दिवस जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहिले.

"काहून घातला?" ते ओरडले. "काहून घातला तुम्ही कूट?"

सुशीलाबाई दचकल्या. "अहो, उपासाला चालतो की!"

उपासाला कूट चालतो. चालतोच. साबुदाण्याला काय, काकडीला काय, कूट नसेल तर उपास कसला? महिनाभर ते सगळ्या गावाला उपास उपास म्हणून सांगत होते आणि हे त्यांच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. पोरीनं हुंगलं नसतं तर? त्यांनी केक खाली ठेवला.

"उपास नाहीये, सुशीलाबाई."

"सोडला? आजच?"

"कधी नव्हताच. तिला ॲलर्जी आहे. ते सांगितलं तर कुणी ऐकत नव्हतं, म्हणून मी उपास म्हणालो. खोटं बोललो. तुमची चूक नाही, माझी आहे."

द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "मग तिला व्हिसाचं कसं कळलं?"

"मला सांगायचं होतंत, रंगनाथराव," सुशीलाबाईंचा आवाज चिरकला. "मी पोरीला काही होऊ दिलं असतं का?"

"सांगितलं होतं. तुम्ही थेरं म्हणालात."

सुशीलाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि निघून गेल्या. जाताना तो केक ताटलीसकट उचलून घेऊन गेल्या. दहा मिनिटांनी डोक्यावरून अंघोळ करून, दुसरी साडी नेसून त्या परत आल्या आणि सरळ मोरीत बसून भांडी घासू लागल्या. शुभंकरनं खिडक्या उघडल्या, टेबल तीनदा पुसलं. मुलांना वेफर्स देऊन बसवलं.

रंगनाथरावांनी पिठाचा डबा उघडला. तळाशी मूठभर पीठ होतं, एवढंच. ओव्हनला कूट लागलेला, तो बाद. त्यांनी अक्षताच्या कप्प्यातून तिची स्टीलची वाटी घेतली, तिचा चमचा घेतला. पीठ, अर्धं केळं, गूळ, भिजवलेले जवस, तेल, सोडा, लिंबू. तिच्या कुकरची शिट्टी काढली, तळाशी मीठ पसरलं आणि वाटी आत ठेवली. फाइल बघायचं सुचलंच नाही. पंचवीस मिनिटं स्वयंपाकघराच्या दारात अकरा मुलं, भजनी मंडळ आणि सगळं घर ताटकळत उभं होतं.

वाटी उलटी केल्यावर केक निघाला. मुठीएवढा, एका बाजूला कललेला. सहा मेणबत्त्या आणल्या होत्या, एकच मावली. अक्षतानं ती विझवली. आधी नाक लावून नीट हुंगलं, मग एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. लगेच दुसरा तुकडा घेतला.

रंगनाथरावांना इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. त्यांनी सगळ्यांदेखत सुहासिनीबाईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि विचारलं, "गॅस बंद केलात का?" पण डोळे त्यांचेही भरले होते.

मुलं डोळे मोठे करून बघत होती. अक्षता खात होती आणि बाकी सगळे नुसते बघत होते. शेवटी साईला राहवेना.

"मला दे ना थोडा."

अक्षतानं खायचं थांबवलं. आजवर तिच्या ताटातलं कुणी मागितलं नव्हतं. तिनं साईकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं आणि फार गंभीरपणे म्हणाली, "आधी तुझ्या आईला विचारून ये, तुला चालतं का."

साई गोंधळला, पण पळाला. त्याच्यामागं बाकीची दहाही मुलं जिना दणाणत आपापल्या आयांना विचारायला सुटली. ती सगळी "चालतं! चालतं!" ओरडत, धापा टाकत परत वर आली, तेव्हा अक्षता ताटलीतला शेवटचा कण बोटानं टिपत होती.